निळ्या दोऱ्याची बारा पोती

२ तारीख, सोमवार

वही द्यायची तर रेघांची द्यावी. ही चौकोनांची आहे. डोक्यावर छापलंय, वेळ, उंची, वाळू, शेरा. फुग्यात बसून लिहायच्या वह्या छापताना चार जास्त झाल्या, त्यातली एक माझ्या गळ्यात मारली. माझं अक्षर मोठं. एका चौकोनात मावत नाही, दोन घेतले तर मोकळं पडतं. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढ्या खिडक्या काय करायच्या आहेत?

बरं. आता नमस्कार.

नात म्हणाली, मी वर असेन तेव्हा रोज लिहीत जा, आल्यावर वाचीन. मी म्हटलं, तू वाचणार म्हणून मी गोड लिहीन असं समजू नकोस. ती म्हणाली, तशी आशाच नाही.

तर लिहिते. नात आणि मास्तर असे दोघं फुग्यात बसून जाणार आहेत. चार-पाच दिवस, मध्ये कुठेही न उतरता. जाळ लावून उडवतात तो फुगा नव्हे, यात हलका वायू भरतात. इंजिन नाही, सुकाणू नाही, वारा नेईल तिकडे. खाली वेताची टोपली, आमच्या न्हाणीघराएवढी. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. पन्नाशी उलटली, बायको सोडून गेली, मग ह्यांना आकाशात जायचं सुचलं. माणूस सरळ आहे. नुसता आकड्यांत बोलतो.

फुग्याची शिवण मला दिली नाही. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढली, पण ते कापड म्हणे चिकटवतात. मला वाळूची पोती दिली. चाळीस. म्हातारीच्या हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून दिली, कळतं मला.

५ तारीख, गुरुवार

वाळू आली. सुकवलेली, चाळलेली, खडा औषधाला नाही. ती कशाला लागते ते मुकादमानं समजावून सांगितलं. मुकादम म्हणजे जमिनीवरच्या माणसांचा म्होरक्या. स्वतः उडत नाही, पण उडणाऱ्यांपेक्षा ह्याचाच जीव टांगणीला. सूर्य बुडाला की वायू गार होतो, फुगा आक्रसतो आणि खाली यायला लागतो. मग थोडी थोडी वाळू बाहेर टाकायची, की फुगा परत तरंगतो. वाळू संपली की प्रवास संपला. खाली जे असेल त्यावर उतरायचं.

त्यांची शिदोरीच समजा, म्हणाला.

एका पोत्यात पंधरा डबे. डबा पत्र्याचा, किलोचा, वरून पट्टी फिरवून सपाट करायचा. वाळू मोजूनच आलीय, सहाशे किलो, चाळीस पोत्यांत बरोबर बसते. पहिलं पोतं त्यानं माझ्यासमोर काट्याला टांगलं, मान डोलावली आणि गेला.

पण पंधरा डब्यांचं पोतं खांदे पाडून बसतं. शिदोरी कुणी अशी मोजून बांधतं का? तो गेल्यावर मी त्यात सोळावा डबा टाकला. आता पोतं पोत्यासारखं दिसायला लागलं. मग सगळ्यांनाच सोळा. अठ्ठावीस पोती झाली आणि पांढरा दोरा संपला. निळा घेतला. तेव्हा ढिगाकडे बघितलं, तर तो भलताच खाली बसलेला. पोती उरलेली बारा. आठांना तेरा-तेरा डबे आले, चारांना बारा-बारा. जमीन झाडून घेतली तरी तेवढेच.

ती बारा खुरटी दिसत होती. म्हणून त्यांचं तोंड दोन बोटं आत दुमडून शिवलं. आता शेजारी शेजारी ठेवलं तरी कुणी ओळखणार नाही. हात चाळीस वर्षांचा आहे. मुकादमानं येऊन मोजली, चाळीस भरली. वाळू उरली का म्हणाला. म्हटलं, कणही नाही. खूश झाला.

पहिल्यांना थोडं जास्त, शेवटच्यांना थोडं कमी. मी घर असंच चालवलं. कुणी उपाशी मेलं नाही.

६ तारीख, शुक्रवार

आज माझ्या छातीत दुखलं. म्हणजे दुखतंय असं सांगितलं. नात डॉक्टरला घेऊन आली. त्यानं नळी लावली, दंडाला पट्टा आवळला आणि म्हणाला, तुमचं यंत्र माझ्यापेक्षा बरं चाललंय. नात दारात हाताची घडी घालून उभी.

‘युक्ती नंबर तीन,’ म्हणाली.

पहिली म्हणजे मागं तिचे बूट लपवले होते ती. दुसरी म्हणजे जिन्यावरून पडले ती. जिन्यावरून मी खरोखर पडले होते, पण आता सांगून कोण ऐकतंय.

मला तिला थांबवायचं नाही. जा म्हणून केव्हाच सांगितलंय. फक्त ह्या आठवड्यात नको, एवढंच वाटलं. पुढच्या आठवड्यात काय बदलणार होतं, असं तिनं विचारलं. मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

८ तारीख, रविवार

उजाडताना गेले.

मैदानावर गारठा होता. पोती टोपलीला टांगायची आणि आत ठेवायची, ते मुकादम स्वतः करत होता. ह्याला सगळं एकसारखं लागतं. पांढऱ्या दोऱ्याची अठ्ठावीस बाहेरून टांगली, हाताशी. निळ्या दोऱ्याची बारा आत, बसायच्या फळीखाली. रंग मिसळला की मोजताना चूक होते म्हणाला.

नातीनं मला मिठी मारली. एवढे कपडे अंगावर की गादीला मिठी मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, कान झाक. तिनं कान झाकले. मग दोऱ्या सोडल्या.

आवाज नाही. एवढी अवाढव्य वस्तू निघून जाते आणि दार लोटताना होतो तेवढाही आवाज नाही. लोक टाळ्या वाजवत होते. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

चहाला दोन कप काढले. एक परत ठेवला. कपाटाचं दार नीट लागत नाही, ती आल्यावर बघेल.

तिची आई, म्हणजे माझी लेक, गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. तेव्हाही घर असंच झालं होतं. पण तेव्हा ही रडत असायची, मला वेळ नव्हता.

९ तारीख, सोमवार

मैदानाच्या कडेला रेडिओची खोली आहे. तिथं कोपऱ्यात मला एक खुर्ची दिलीय. खोलीत चार माणसं, चौघांच्या कानाला काही ना काही लावलेलं. भिंतीवर पाटी आहे, वरच्यांशी एकानंच बोलायचं. बोलते हवामानबाई. ही दिवसभर वाऱ्याचे नकाशे बघत असते. नाक वर, पण कामाला चोख. बोलणं दिवसातून दोनदा, सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच, तेही दोन-दोन मिनिटं. बॅटरी पुरवायची असते.

‘वाळू तेहतीस,’ मास्तर म्हणाले. म्हणजे तेहतीस पोती शिल्लक. मी माझ्या वहीत वाळूच्या खिडकीत लिहिलं, ३३. खिडकी पहिल्यांदा कामाला आली.

मागून नातीचा आवाज आला, आजी आहे का तिथं? हवामानबाई म्हणाली, आहे. आणि बटण सोडलं. मी जिवंत खुर्चीत बसलेली, आणि मी आहे हे दुसरीनं सांगायचं.

१० तारीख, मंगळवार

वाळू २६.

आठ ते पाच काय करायचं? गाद्यांचे अभ्रे धुतले. तिची खोली झाडली. पलंगाखाली एक मोजा सापडला, एकच.

११ तारीख, बुधवार

वाळू १९.

मुकादम हवेत आहे. रात्रीला आठ पोती जातील असा ह्यांचा अंदाज होता, जातायत सातच. मास्तर म्हणे, इतका घट्ट फुगा उभ्या जन्मात बघितला नाही, वायू जराही गळत नाही. मला हसू आलं. हा फुग्याचा गुण नव्हे, सोळाव्या डब्याचा. पण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आपलेच ढोल आपण कशाला बडवा.

फळ्यावर मुकादमानं निघायच्या आधीच लिहून ठेवलंय. समुद्राशी पोचताना बारा पोती असली तर पुढे जायचं, बारापेक्षा एक जरी कमी असलं तरी किनाऱ्यावर उतरायचं. पलीकडे जायला दीड रात्र लागते. पलीकडे पोचले की उच्चांक त्यांचा. एवढ्या लहान फुग्यातून ते पाणी अजून कुणी ओलांडलेलं नाही. नात पाच वर्षं ह्याच्यामागं आहे. जेवताना ताटाशेजारी नकाशा ठेवायची. मी म्हणायची, त्याला पण घास भरव.

उद्या बारा राहतील असं सगळे म्हणतायत. म्हणजे निळ्या दोऱ्याचीच राहतील. बरं आहे, एका रंगाची, मोजायला सोपी.

१२ तारीख, गुरुवार, दुपार

सकाळी मास्तर म्हणाले, वाळू बारा. खोलीत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नातीचं हसू ऐकू आलं. मुकादमानं माझे दोन्ही हात धरून हलवले. मीही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी पाचच्या बोलण्यात शेवटचं हो म्हणायचं, की चालले पाण्यावर.

घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानात एक बाई पीठ घेत होती. दुकानदार तिला डबा भरून देत होता आणि वरून पट्टी फिरवत होता. मी तिथंच उभी राहिले. त्यानं दोनदा विचारलं, काय हवंय. मी काही न घेता आले.

टेबलावर बटणांची बरणी उपडी केली. मला तोंडी हिशेब येत नाही, मांडावं लागतं. एक बटण म्हणजे एक डबा. रात्रीला सात पोती गेली, पण ती माझी, सोळाची. म्हणजे रात्रीला एकशे बारा बटणं. दीड रात्रीला एकशे अडुसष्ट. ती एका बाजूला मांडली. मग निळी पोती मांडली, आठ ढीग तेराचे, चार ढीग बाराचे. एकशे बावन्न. तीनदा मोजली. एकदा दरवाजा वाजल्यासारखं वाटलं म्हणून उठले, कुणी नव्हतं. परत पहिल्यापासून मोजली.

सोळा कमी. बरोबर एका पोत्याची वाळू, माझ्या हातची.

आणि मी सगळ्यांत पंधराच भरले असते, तर आज त्यांच्याकडे दहाच पोती उरली असती. फळ्यावर लिहिल्याप्रमाणे मुकाट्यानं किनाऱ्यावर उतरली असती. मी शिदोरी जास्त बांधली म्हणून ती पाण्यावर निघालीय.

सोळा डबे म्हणजे वरती किती वेळ, मला माहीत नाही. पाण्यावर असताना किती, तेही नाही.

सांगितलं तर म्हणतील, म्हातारीची युक्ती. पाच वर्षं झटून पोरगी उंबऱ्याशी आलीय आणि हिनं पाय धरला. तीन वाजले. बटणं तशीच ठेवून निघते.

१२ तारीख, संध्याकाळ

आधी मुकादमाला सांगितलं. बाहेर, पायरीवर. तो पहिल्यांदा हसला. मग खाली बसला. किती, किती म्हणून तेच तेच विचारत राहिला. मी म्हटलं, तुझ्या बोटांवर मावणार नाही, आत चल.

पाचला हवामानबाईनं वर सांगितलं, वाळू कमी आहे, निळ्या दोऱ्याच्या पोत्यांत तेरा नाहीतर बाराच डबे आहेत, उतरा. नात बोलली. हे कुणी सांगितलं, म्हणाली. हवामानबाईनं माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं.

‘युक्ती नंबर चार,’ नात म्हणाली. ह्या वेळी हसत नव्हती.

हवामानबाईनं कानाचं काढून माझ्या डोक्यावर चढवलं. पाटी तिच्या डोक्यावरच होती. हे बटण दाबून धरा, म्हणाली.

‘मी बोलतेय,’ मी म्हटलं.

‘आजी, बरी आहेस ना?’

‘मला काय धाड भरलीय. फळीखालचं निळ्या दोऱ्याचं पोतं काढ.’

‘आजी, वीस मिनिटांत ठरवायचंय आम्हाला. मला खाली आणायला तू असलं काहीतरी…’

‘तुला खाली आणायचं असतं तर पाच वर्षांपूर्वीच तंगडी मोडली असती तुझी. पोतं काढ. तोंडाची शिवण डावीकडून ओढ, एका झटक्यात उसवेल, माझी आहे. आत दुमड असेल. दोन बोटं.’

नुसती खरखर. मुकादम फळ्याकडे तोंड करून उभा. मला वाटलं बॅटरी गेली.

‘दोन नाहीत,’ ती म्हणाली. ‘चार आहेत.’

मी वहीतही दोनच लिहिली होती.

‘सगळ्या बारांत?’

‘बाराच्या बारांत.’

‘आणि आधीची?’

‘सोळा डबे.’

मागून मास्तर म्हणाले, एकशे बावन्न. एवढ्या पटकन. मला अख्खी दुपार लागली होती.

‘उतरतो आम्ही,’ नात म्हणाली. मला नाही, हवामानबाईला सांगितल्यासारखं. मी कानाचं काढून दिलं आणि खुर्चीत जाऊन बसले.

सात वाजायच्या आत टेकले. किनाऱ्यापासून चार शेतं अलीकडे. मास्तरांचा घोटा मुरगळला. तिला खरचटलंसुद्धा नाही. उच्चांक पाण्याच्या पलीकडेच राहिला.

मुकादमानं मला घरापर्यंत सोडलं. दारात म्हणाला, ‘आजी, खरं सांगा, ती जायलाच नको होती का तुम्हाला?’

मी म्हटलं, ‘मला पोतं पोकळ दिसलेलं चालत नाही. बाकी काही नाही.’

टेबलावर बटणं तशीच होती. जेवायला जागा नव्हती. उभ्यानं खाल्लं.

१३ तारीख, शुक्रवार

नातीचा फोन आला. बरी आहे. तू जेवलीस का, तिनं विचारलं. मी म्हटलं, जेवले. ती म्हणाली, मी इथंच थांबते चार-सहा दिवस. फुगा वाळवायचा असेल, ओला झाला म्हणून घडी घालता येत नसेल. मी म्हटलं, कान झाक. तिनं फोन ठेवला होता.

१६ तारीख, सोमवार

काही नाही. बटणं बरणीत भरली.

काल नातीनं मुकादमाला फोन केला होता. तासभर बोलली म्हणे. माझ्या फोनची तार नीट आहे, उचलून बघितलं.

१८ तारीख, बुधवार

सामान परत आलं. मुकादम घेऊन आला. टोपली, दोऱ्या, आणि निळ्या दोऱ्याची सात पोती, उतरताना बाकीची टाकली. सातात एक उसवलेलं. शिवण डावीकडूनच ओढलेली.

त्याच्या काखोटीला फुग्यातली वही होती. माझ्यासारखीच, चौकोनांची, पण हिच्यातली अक्षरं बारीक. मास्तरांची आणि तिची. उद्या फुगेवाल्यांच्या संघटनेची माणसं येणार आहेत, फुगा समुद्राशी जाऊन का उतरला ते विचारायला. मुकादम म्हणाला, आजी, तुम्ही काळजी करू नका, सगळं ठरलंय. वारा फिरला म्हणून सांगायचं. वारा काय, कुणाच्या बापाचा नसतो. काटा लावून तपासलं नाही म्हणून माझ्यावर येणार नाही, तुमच्यावर तर नाहीच. नातीनंच सुचवलंय.

मी म्हटलं, वही दाखव.

मी एकेक अक्षर लावून वाचते, वेळ लागतो. तो चहा प्यायला तोवर शेवटच्या पानावर आले. बारा तारीख, पाच वाजून अठरा मिनिटं. उंची आहे. वाळूच्या खिडकीत आधी १२, ते खोडून १५२ डबे. शेऱ्याच्या खिडकीत दोन रेघा मारून काहीतरी खोडलंय आणि वर लिहिलंय, वारा फिरला. तिचं अक्षर. शाई नवी.

खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. रेघांच्या खाली दिसतं. ‘आजीनं सांगितलं म्हणून वाचलो.’

मुकादम म्हणाला, तुमच्यासाठीच खोडलंय तिनं.

खोटं लिहायला मी तिला शिकवलं नाही. दुमडून शिवायला शिकवलं, ते वेगळं. आणि पाच वर्षांचं काम पाण्यात गेलं, तर ते कुणामुळे गेलं एवढं तरी तिच्या वहीत नीट असू दे. वारा बिचारा आपला वाहत होता.

तो गेल्यावर कपाटाचं दार मीच बसवलं. एक खिळा सुटला होता, एवढंच.

उद्या नऊच्या गाडीनं ती येणार आहे म्हणे, मुकादमाला सांगितलं. ती माणसं अकराला. आल्या आल्या तू ही वही उघडशीलच, म्हणून हे आजच्या शेऱ्याच्या खिडकीत न मावता, चारही खिडक्या धरून लिहितेय. फुग्यातल्या वहीतली ती खोडाखोड तशीच राहील, वर आणखी काही गिरवायचं नाही. मुकादमानं वाऱ्याचं नाव काढायचं नाही. मास्तरांनी ‘माझाच हिशेब चुकला’ असं म्हणायचं नाही, त्यांचा चुकलेला नाही. तू चहा करायचा आणि शेजारी बसायचं, तोंड उघडायचं नाही. वाळू कुणी भरली असं ते विचारतील. त्याचं उत्तर मी देणार. दुसऱ्या कुणीही द्यायचं नाही.